उल्म गावची चार माणसं

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
ग्वेल्फ, कॅनडा, ११ मार्च २०२५

ती. सूर्यकांतदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि तुझ्यासाठी ओरडलेलं सगळं या घराला ऐकू जातं, म्हणून पत्र. कागद पाठकोरा आहे. मागे पुष्करच्या ऑफिसचे तक्ते आहेत, त्यात डोकं घालू नकोस.

आपल्या अक्षताने मुलगा पसंत केलाय. लुकास नाव, तिच्याच युनिव्हर्सिटीत चीजवर संशोधन करतो. जर्मनीतल्या उल्म गावचा. पोरगा वाईट नाही, परवा कुणी न सांगता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून गेला. पण लग्नानंतर दोघं उल्मलाच राहणार. आजीने हो म्हटल्याशिवाय तारीख धरणार नाही, असं नात म्हणते. तेव्हापासून पुष्कर आणि सूनबाई माझ्या तोंडाकडे बघत जेवतात.

आपले अण्णा सांगायचे, चार दिवस कुणीही गोड वागतो, त्याच्या गावच्या चार माणसांची चौकशी करावी. माझ्या लग्नाच्या वेळी तू सायकलवर जाऊन केली होतीस. उल्मला सायकल जायची नाही, पण तुझ्याकडे लायब्ररीचं कार्ड आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
प्रभा


स्कारबरो, २० मार्च २०२५

चि. सौ. प्रभा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सासरगावी मला चौघांनी चहा पाजला, म्हणून मी हो म्हटलं होतं. इथे चौघंही केव्हाच वारलेले, चहाची आशा नाही. तरी पुस्तकातून काढलेली माणसं लिहितो.

पहिला आइनस्टाइन. जन्म उल्मचा. याहून मोठा माणूस मिळायचा नाही.

दुसरा केपलर, ग्रहांची गणितं करणारा. चारशे वर्षांपूर्वी लढाईच्या धामधुमीत आपले तक्ते छापायला तिथे आला. गावाने त्याच्याकडून एक काशाचं भांडं करून घेतलं. लांबी, वजन, धान्याचं माप, सगळं त्या एकाच भांड्यावरून ताडून बघायचं. तो पत्रिकाही करायचा, म्हणजे तुझ्या पंक्तीतलाच.

तिसरी भावंडं, हान्स आणि सोफी शोल. दोघं एकच धर. उल्ममध्ये वाढली, हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली आणि त्यापायी कोवळ्या वयात मारली गेली.

चौथा एक शिंपी. दोनशे वर्षांपूर्वी पंख शिवून नदीवरून उडायला गेला, थेट पाण्यात पडला. सगळं गाव बघायला जमलं होतं. पुढे त्याचं हसं झालं आणि धंदाही बसला.

आता लवकर काय ते कळव. नात वाट बघते आहे.

तुझा,
दादा


ग्वेल्फ, २ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

त्या भावंडांसाठी तुळशीपाशी दिवा लावला. केपलर मला पसंत. एवढा विद्वान, आणि बाजारातलं माप खरं करून दिलं.

आइनस्टाइन मात्र मी धरत नाही. अक्षताने तिच्या फोनमध्ये बघून वाचून दाखवलं, दीड वर्षाचा व्हायच्या आत आईबापांनी त्याला दुसऱ्या शहरात नेलं. गाव सोडून गेलेल्याचं श्रेय गावाला कसलं?

पण माझं मन अडलंय ते शिंप्यापाशी. पडलेल्या माणसाला हसणारं गाव. आपली पोर परक्या भाषेत शंभरदा चुकेल, पडेल. तिला तिथे कोण उचलणार? देवापुढे बसले तरी तोच शिंपी दिसतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. अक्षता हल्ली पोळी एकच खाते.

माझं चुकत असेल तर सांग, राग धरू नकोस.

प्रभा


स्कारबरो, ९ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रभा हिस,
अनेक आशीर्वाद.

सोडून गेलेले धरायचे नाहीत, तर आपल्या गावच्या, राजापूरच्या यादीतून तू आणि मी आजच बाद. मला चालेल, तू पापड मात्र राजापूरचेच मागवतेस.

शिंप्याची चूक माझी. पुस्तकात पुढे एक ओळ होती. तो पडल्या पडल्या कोळ्यांनी होड्या घातल्या आणि त्याला जिवंत बाहेर काढलं. त्यांची नावं दिलेली नाहीत, आणि तू नामांकित माणसं मागितली आहेस असं धरून मी त्यांना गाळलं. चहा पाजणाऱ्या त्या चौघांची नावं मला तरी कुठे आठवतात?

तुझा,
दादा


ग्वेल्फ, १ मे २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्यावर लुकासला बोलावून विचारलं, की शिंप्याला उचलणारे कोण होते. तो आधी गोंधळला. मग म्हणाला, नावं कुणालाच ठाऊक नाहीत, पण शिंप्याची गोष्ट त्याच्या आजीने त्याला शंभरदा सांगितली आहे. आणि पंख तसे चुकीचे नव्हते म्हणे, नदीवरचा वारा उलटा होता. हे सांगताना शिंपी जणू त्याचा सख्खा काका.

काल अक्षय्य तृतीयेला मी हो म्हटलं. लग्न जूनमध्ये, इथेच. गृहप्रवेश उल्मला. त्यासाठी आईचं पितळी मापटं अक्षताच्या बॅगेत ठेवलं. केपलरच्या गावी आपलंही एक माप उंबऱ्यावर असू दे.

तेव्हापासून तांदूळ चहाच्या कपाने घेते. अंदाज चुकतो, भात उरतो. पुष्कर हसला. मी म्हटलं, जूननंतर एका माणसाचा आणखी उरेल.

लग्नाला ये, कानातलं यंत्र लावून ये.

तुझी,
प्रभा