घाटात सासूबाई पुढे, गाडी मागे

किंगमन, ॲरिझोना
एप्रिल २००६

सौ. वीणाताई यांना अहिल्येचा सप्रेम नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? भाऊसाहेबांची शुगर? आम्ही सगळे सुखरूप आहोत. (सकाळी लिहिलं असतं तर हे वाक्य निश्चिंतपणे लिहिलं असतं.)

तुमचे निमिषराव फार प्रेमळ. आम्हाला वाळवंट दाखवायचं म्हणून त्यांनी आरव्ही भाड्याने घेतली. आरव्ही म्हणजे ओटा, पलंग आणि संडास असलेली बस. तिकडे घरी, पिस्कॅटवेत, ते छोटी गाडी चालवतात, ती छानच चालवतात. सकाळी एका गावात जुन्या इंजिनांचं म्युझियम पाहिलं. पार्किंगमध्ये एक म्हातारं गोरं जोडपं भेटलं. घरदार विकून ते कायमचं अशाच गाडीत राहतं म्हणे. बाईंनी चहा दिला (दूध मागितलं, तर बर्फ आला). निमिषराव आणि आमची चारुता त्यांच्याशी इतका वेळ बोलत राहिले, की शेवटी मलाच हाक मारावी लागली.

तिथून खाणींच्या एका जुन्या गावाला निघालो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, कठडा नाही. घाट लागल्यावर पाटी दिसली, लांब गाड्यांना मनाई. आपली गाडी किती लांब, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद ह्यांच्याकडे, आणि हे संडासात. पहिल्याच वळणावर कपाटं उघडली, पोह्यांचा डबा खाली आला आणि आतून ह्यांनी शांतपणे विचारलं, "निमिष, मी बसूनच राहू का?" गाडी वळवायला जागा नव्हती. वळणापलीकडे कुणीतरी बघायला हवं होतं, म्हणून मी उतरले. साडीवर स्पोर्ट शूज, हातात केशरी टॉवेल, अशी मी पुढे आणि मागून ते घर. तेवढ्यात समोरून मोटरसायकलवाल्यांचा ताफा आला. लांब दाढ्या, कातडी जाकिटं, दंडांवर कवट्या गोंदलेल्या. मी टॉवेल आडवा धरला आणि मनात रामरक्षा सुरू केली. ते सगळे मुकाट कडेला झाले. पुढच्याने तर कपाळाला हात लावून मला सलाम केला. (इतका मान मला शाळेच्या नोकरीतही मिळाला नव्हता.)

गावात गाढवं मोकाट फिरतात. ह्यांनी दार उघडलं, तोच एकाने डोकं आत घालून आमच्या दशम्या संपवल्या. ह्यांनी त्याला मराठीत हाकललं, ते गेलं नाही. मी बाकावर टेकले. घामाघूम निमिषराव शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आई, आम्ही कायमचं असंच गाडीत राहिलो तर?" ते दमले होते, थट्टाच असेल म्हणून म्हटलं, बरं.

भाऊसाहेबांना नमस्कार सांगा. काळजी नसावी.

तुमची
अहिल्या

ता. क. काळजी करावी. ती थट्टा नव्हती. निमिषराव नोकरी सोडून गाडी विकत घेणार आहेत. नोकरी गेली की व्हिसा गेला, ग्रीन कार्डाची फाइल गेली. जावयाला मी काय बोलणार? तुम्ही आई आहात, फोन करून चांगलं खडसवा. माझं नाव मात्र घेऊ नका.

पुन्हा ता. क. फोन करू नका. पाकीट चिकटवताना चारुताशी बोलले. म्हणाली, "आई, हे सगळं माझं डोकं आहे. तू नाही म्हणशील या आशेने त्याने तुला विचारलं." तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. चार वर्षं ती दिवसभर त्या अपार्टमेंटमध्ये एकटी असते, आणि फोनवर मला मजेत आहे म्हणून सांगते. तेव्हा रागवायचं तर तिला रागवा, तुमचं ती ऐकते. पण जरा बेताने. आत्ता ती भांडी घासतेय, आणि चक्क गातेय.