मुंग्या कुठून आणल्या

कोथरूड, पुणे
६ फेब्रुवारी २०२५

ती. साळूमावशी,

नमस्कार. रेश्माच्या लग्नाची पत्रिका पोचली. हे पत्र तुमची नातच तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिला आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? मागची खोली कोणाला भाड्यानं दिलीत का?

माझ्या मुंग्या खुशाल आहेत. तुम्ही वाडीभर सांगायचात, "लोकं मुंग्या घालवाया हळद टाकत्यात, आन् आमच्या भाडेकरीण बाई पाळत्यात." आणल्या तेव्हा जेमतेम चाळीस होत्या, आता दोनशेच्या वर गेल्यात. तीळ खातात, मेलेली माशी दिली तर तीही. राणी ओल्या कोपऱ्यातून हलत नाही.

त्यांची जात मला ओळखता येईना. भिंगाखाली कमरेच्या गाठी मोजल्या, दोन भरल्या. काहींची डोकी अंगाच्या मानानं केवढीतरी मोठी. पुढे अडले, म्हणून निषाद नावाच्या एका संशोधकाकडे चार मेलेल्या मुंग्या पाठवल्या. त्यानं कळवलं, "ताई, नुसत्या मुंगीवरून नाही सांगता येत. कुठून काढल्या, कधी, किती खोल, ते लिहा. अंदाजे नको."

मी लिहिलं. कोळवण, भातखाचराचा बांध, बारा जुलै, संध्याकाळ, कोपरापर्यंत हात जाईल इतकं खोल.

मावशी, तो बांध तुमच्या आणि तुमच्या दिरांच्या, बहिरूभाऊंच्या खाचरांमधला.

लावणी होऊन चारच दिवस झाले होते आणि पावसानं ओढ दिली होती. राणी सापडेना म्हणून मी तुमच्याच खुरप्यानं उकरत राहिले. सापडल्यावर त्या आनंदात भोकात सुकी माती लोटली आणि घरी आले. बांधाचं भोक चिखलानं लिंपून पायानं दाबायचं असतं, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. सकाळी तुमचं खाचर कोरडं, आणि पाणी खाली तुमच्या दिरांच्या खाचरात.

"भाऊ गेला म्हून पानी चोरतोस व्हय रं?" तुम्ही म्हणालात.

"वैनी, पोरांची आण, म्या हात लावला न्हाई."

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "ताई, तुमी काल तितं फिरत व्हता. कोन दिसलं का?"

मी म्हणाले, "नाही. कोणीच नाही." मुंग्यांचा डबा तेव्हा माझ्या पिशवीत होता.

पत्रिकेत बहिरूभाऊंचं नाव नाही. मी तीनदा वाचली. रेश्मा त्यांच्याच खांद्यावर बसून शाळेत जायची ना? एका अनोळखी माणसाला मी भोक किती खोल ते मोजून कळवलं आणि तुमच्यापासून सात महिने लपवलं. सुरुवातीला वाटायचं, तुम्ही खोली सोडायला सांगाल. पण खोली सोडल्यावरही मी गप्पच राहिले. त्याला काही कारण देता येत नाही.

निषादचं उत्तर आलंय. अजून उघडलेलं नाही.

रेश्मा, थांबू नकोस बाळा, पुढचंही मोठ्यानं वाच.

पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. आधी बहिरूभाऊंकडे जाईन आणि हे सगळं त्यांच्या घरातल्या माणसांसमोर सांगेन. तुमच्याकडे यावं की तसंच परत फिरावं, ते तुम्ही सांगाल तसं. पत्रिका आता बदलता येणार नाही. पण लग्नाआधी तुम्ही स्वतः त्यांच्याकडे गेलात तर ते येतील, असं मला वाटतं. हे सुचवायचा अधिकार मला उरलेला नाही, तरी लिहिते.

‘तुमची’ असं लिहायला हात धजत नाही.

वैशाली