ज्यांचा आवाज उमटला नाही

सोमवार, ३ मार्च
आले एकदाची! बसमधून उतरताच ताईनं मिठी मारली आणि दुसऱ्याच वाक्यात माझं वजन वाढल्याचं सुनावलं. तिच्या घरातली वरची खोली मला मिळाली आहे. खिडकीतून तिचं औषधांचं दुकान दिसतं, म्हणजे दिवसभर तिचा पहारा.

दुपारी रेडिओ केंद्रावर जाऊन आले. दोनच खोल्या, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. प्रमुख बाईंनी मला ज्या मालिकेसाठी बोलावलं, तिची कल्पना झकास आहे: गावातल्या माणसानं माइकसमोर बसायचं आणि तीस वर्षांनंतरचा आपला एक दिवस, आज तिथंच असल्यासारखा, सांगायचा. त्याच्यामागे तेव्हाच्या रस्त्यांचे, यंत्रांचे, पाण्याचे आवाज मी रचायचे. ध्वनिमुद्रण करणारा हेडफोन कायम मानेत अडकवून फिरतो, म्हणून सगळे त्याला खुंटी म्हणतात. कलावंतांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. मला आवडला.

बुधवार, ५ मार्च
पहिलं ध्वनिमुद्रण. सायकल दुरुस्तीवाल्यानं धमाल उडवली. तीस वर्षांनी म्हणे सायकली उडताहेत, पण पंक्चर काही सुटलेलं नाही! निवृत्त मास्तर पुढच्या पिढीवरही ओरडले. नोकरीसाठी परगावी निघालेली एक मुलगी, परत आल्यावर आपली गल्ली कशी सापडत नाही ते सांगत होती. अंगावर काटा आला.

संध्याकाळी ऐकायला बसलो तर फक्त त्या मुलीचा आवाज. बाकीच्यांचं 'हॅलो, ऐकू येतंय का' एवढं आहे. पुढे काही नाही. खुंटी म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं; बटण तुम्हीच दाबलं होतं.

शुक्रवार, ७ मार्च
पुन्हा सगळ्यांना बोलावलं. नवा माइक, नव्या वायरी. मास्तर वैतागले, मी काय पोपट आहे का म्हणाले. पुन्हा तेच. गप्पा मारताना आवाज येतो, पुढचं सांगायला लागले की येत नाही. बाईंचं मत, तीस वर्षं फार लांब पडतात, लोकांना जमत नाही. दहा करा. अहो, जमायचा प्रश्नच कुठे आहे? मी समोर बसून ऐकलंय!

मंगळवार, ११ मार्च
दहा वर्षं नाही. पाच नाही. एक वर्षही नाही. आठवडाभर राबून हातात शून्य. बाई माझ्याकडे बघून सुस्कारे सोडतात. खुंटीनं सगळी यंत्रं उसकटून पुन्हा जोडली, दोष काही सापडला नाही.

शेवटी सायकलवालाच म्हणाला, "उद्याचा दिवस सांगतो, तो तरी येतो का बघा." बायको माहेरून येणार, तिला आणायला जाणार, असं रंगवून सांगितलं. मास्तरांनीही उद्याचं सांगितलं. मास्तरांचं उमटलं. त्याचं नाही. आम्ही त्याची भरपूर थट्टा केली.

बुधवार, १२ मार्च
सायकलवाला गेला. सकाळी, दुकानासमोर. ट्रक मागे घेणाऱ्या चालकाला तो दिसलाच नाही. त्याची बायको दुपारी आली. तिला कुणी काही कळवलं नव्हतं.

खुंटीला म्हटलं, काल त्याचा आवाज आला नव्हता. योगायोग म्हणाला. पण माझ्याकडे न बघता.

गुरुवार, १३ मार्च
दिवसभर एकेकाला माइकसमोर बसवलं. शनिवारचं सांगा: येतं. रविवारचं सांगा: कुणाचंच येत नाही. मास्तर, बाई, खुंटी, चहावाली, ताई. मी.

आईला फोन करून रविवारचं सांगायला लावलं. गुडघेदुखीसकट स्वच्छ उमटलं. परगावी गेलेल्या त्या मुलीचंही उमटलं.

म्हणजे जे इथं आहेत त्यांचंच—

शुक्रवार, १४ मार्च
बाईंना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. माझे हात धरून म्हणाल्या, ही तुझी आजवरची सगळ्यात सुंदर कल्पना आहे, उद्या थेट प्रक्षेपणात अशीच सांग. चौकीत गेले. साहेबांनी विचारलं, रेडिओवाल्या ना तुम्ही? आणि सगळे हसले. पालथ्या घड्यावर पाणी! आयुष्यभर खोटं खरं वाटावं म्हणून धडपडले. आता खरं सांगतेय तर टाळ्या!

ताई तर ऐकूनच घेईना. मग थाप मारली. आई पडली, बोलावते आहे. दुपारच्या बसनं गेली. बस दूर गेल्यावर फोनवर तिच्याकडून रविवारचं बोलून घेतलं.

उमटलं. रस्त्यातच रडले.

शनिवार, १५ मार्च
थेट प्रक्षेपणात सांगितलं. गोष्ट नाही, म्हटलं. नाटक नाही. आजच्या आज गाव सोडा. फोन खणखणले. कुणी शाबासकी दिली. एका घरात मजा यावी म्हणून पडदे ओढून ऐकत होते. माझा आवाज फुटला तेव्हा बाईंनी काचेपलीकडून 'छान, छान' अशी खूण केली.

एकट्या खुंटीनं ऐकलं. गाडीत स्वतःच्या आईला बसवून आला, मला म्हणाला, "चला, आत्ता." मी एक पाय गाडीत टाकला आणि ताईचा फोन. आई धडधाकट आहे, असली थाप मारायला लाज नाही वाटली का, मी परत निघालेय. सांगत राहिले, उतर, तिथंच उतर. तिनं फोन ठेवला. मग बंदच.

खुंटी थोडा थांबला. मग मीच जा म्हटलं.

रविवार, १६ मार्च
बस उशिरा आली. आत्ता उजाडल्यावर. तिची पिशवी हिसकावली, पाया पडले. ती घरात गेली. अबोला धरलाय. रागावली की धरतेच.

बाहेर माणसं दिसतात. मास्तर फिरायला निघालेत. सगळं नेहमीसारखं. कदाचित मीच—

परतीची बस आहे अजून. माझं ऐकून घेत नाही म्हणून तिला चिठ्ठी दाखवली, 'फक्त आजचा दिवस चल'. मान हलवली. हो म्हणाली बहुतेक. पिशवीत कपडे भरते आहे. चालेल. बोलू नकोस, पण चल.

रस्त्यावर मास्तर थांबलेत. स्वतःचाच गळा धरलाय. शेजारीण दारात येऊन तोंड उघडून—

नळाचं पाणी ऐकू येतंय मला. पावलं ऐकू येतात.

ताई दारात आली. अबोला नाही. बोलते आहे ती, केव्हाची बोलते आहे, ओठ हलताहेत, माझं नाव घेते आहे, मी तिला हाक मारली आणि माझा—