एका लिटरात थोरली कुठवर जाते

तीर्थरूप वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पाय मागे घेऊ नका, डोकं कागदावरूनच ठेवलं आहे.) गुडघा कसा आहे? लेकीच्या घराच्या पायऱ्या उंच आहेत, कठडा धरूनच उतरत जा. नात तुम्हाला सोडत नसेल आणि जावईही जिवाला जीव देणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही ‘चार दिवसांसाठी’ गेलात त्याला आज तेवीस दिवस झाले, हेही ठाऊक आहे. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा माझा आवाज ऐकताच लाइन तुटली. तुमच्याकडच्या लाइनचे कान इतके तिखट आहेत याचं मला कौतुक वाटतं. म्हणून हे पत्र. पत्राला मधेच खाली ठेवता येतं, पण त्याला गप्प करता येत नाही.

रागाचं कारण मी टाळणार नाही. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर प्रश्न साधा होता. आपल्या रोपवाटिकेला दोन म्हातारे ट्रक पोसवत नाहीत, तर विकायचा कोणता? तुम्ही बावीस वर्षं चालवलेली डिझेलची थोरली, की भावोजींनी गेल्या वर्षी आणलेला पेट्रोलवाला, ज्याला आपण जावईबापू म्हणतो (दिसायला राजबिंडा, आवाज खानदानी, आणि ताटावरून उठायचं नाव नाही)? चारही चाकांना जोर दोघांच्याही आहे, आणि पंचविशी दोघांनीही ओलांडली आहे. प्रत्येकाने एका वाक्यात मत द्यायचं ठरलं होतं. मी चाळीस मिनिटं बोलले. जुन्याला कवटाळून बसणारे समाज कसे रसातळाला जातात, याचे चार संस्कृतींतले दाखले दिले. टाळ्या पडल्या (भावोजींच्या). मी खाली बसले तेव्हा तुमची खुर्ची रिकामी होती आणि थोरलीची किल्ली मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेली होती.

गिऱ्हाईक ठरलं. सोमवारी सकाळी येऊन थोरलीला घेऊन जायचं, असंही ठरलं. आणि मग तुमचे बंधू बोलले. ते महिन्यातून एकदाच बोलतात, पण त्या दिवशी घरातल्या भांड्यांनीसुद्धा ऐकावं असं बोलतात. म्हणाले, "आरोपीचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका, असं तू गावोगाव सभांमधून सांगतेस. या थोरलीचं ऐकलंस का?" वन्सं, मी हजारोंच्या सभेत प्रश्नांना तोंड दिलं आहे. पण या प्रश्नापुढे मी भाजी परतायला निघून गेले.

म्हणून आज शनिवारी आम्ही रीतसर परीक्षा घेतली. दोन्ही ट्रकांत ओल्या मातीची वीस-वीस पोती. आपल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी इंधनाच्या टाकीची नळी सोडवून तिच्या जागी खुणा केलेली एक लिटरची बाटली केबिनमध्ये टांगली (दवाखान्यात रुग्णाला लावतात तशी, थोरलीला लावताना मला भेटायला फळं आणावीत असं वाटलं). फाटकापासून डोंगराच्या रस्त्याला लागायचं आणि बाटलीतल्या इंधनावर कोण किती जातं ते पाहायचं. मिस्त्री पंच म्हणून दोन्हींत बसणार. जावईबापूंना भावोजी हाकणार हे उघडच होतं. थोरलीला कोण, हे विचारल्यावर सगळे बुटांच्या नाड्या पाहू लागले. भावोजी म्हणाले, "वहिनी, भाषण तुमचं, गाडीही तुम्हीच चालवा." मी किल्ली उचलली. माझ्या परवान्याला एकोणीस वर्षं झाली आहेत, त्यातली अठरा तो कपाटात होता.

आधी जावईबापू गेले. खोटं कशाला बोलू, देखणं काम आहे! सहा सिलिंडर, पाय ठेवताच अशी उसळी की मागच्या दोन पोत्यांनी जागा सोडली. सपाटीवर त्यांनी जो वेग घेतला तो थोरलीने उभ्या आयुष्यात पाहिला नसेल. पण शर्यत आणि संसार यांत फरक असतो, हे चढ लागल्यावर कळतं. ओढ्याजवळच्या चिखलात चारही चाकं जोरात फिरली आणि गाडी तिथेच. इंजिन ओरडतंय, बाटलीत बुडबुडे येताहेत, आणि मिस्त्री म्हणतात, "साहेब, आपण उभे आहोत, पण पेट्रोल चाललंय." कसेबसे बाहेर निघाले आणि पाण्याच्या टाकीपाशी बाटली संपली. चार किलोमीटर आणि वर थोडंसं. डब्यातलं पेट्रोल ओतलं, किल्ली फिरवली, लगेच सुरू. भावोजी हात हलवत परत आले, जणू टाकीचं उद्घाटन करून आले.

मग थोरली. वन्सं, तुम्ही तिच्याबद्दल कधी काही बोलला नाहीत, हा अन्याय आहे. सुरू होताना ती इतकी खोकली की मिस्त्रींनी सवयीने तिच्या डॅशबोर्डवर थोपटलं. सपाटीवर एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं (त्याने वळून पाहिलंही). पण चढ सुरू झाला आणि मला तुमची बावीस वर्षं कळली. मी खालचा गिअर टाकला, भीतीने पाय उचलला, आणि ती माझ्या पायाशिवायच चढत राहिली! घाई नाही, आरडाओरडा नाही. चिखलात एकेक चाक असं टेकवत गेली जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पलीकडे जातं. जी ताकद वेगात दिसत नाही ती ओझ्याखाली दिसते. हे वाक्य मी तीस वर्षं माणसांबद्दल बोलत आले आणि घरातल्या गोठ्यातच त्याचा पुरावा उभा होता, ते मला दिसलं नाही. पाण्याच्या टाकीपाशी बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मी भोंगा वाजवला. तो वाजला नाही, म्हणून मी स्वतःच ओरडले.

सहा किलोमीटर झाले. सात. आठाच्या दगडापाशी मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तळाला चार बोटं राहिलं. आता थांबा." थांबा! लोक इतिहास घडत असताना मधे चहाला थांबतात का? मी मिस्त्रींना थोरलीचं माहात्म्य सांगत होते, ते पुनःपुन्हा "वहिनी, थांबा" म्हणत होते, आणि मला तो श्रोत्यांचा भारावलेला हुंकार वाटला. नऊ किलोमीटर आणि दोनशे मीटर! दुपटीहून जास्त! माल तोच, चढ तोच, रस्ता तोच. निकाल लागला आहे. हा निकाल मी चव्हाट्यावर उभी राहून सांगायला तयार आहे, आणि त्याला चाळीस मिनिटं लागणार नाहीत.

सर्वांना यथायोग्य. नातीला पापा. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमचीच,
धाकटी भावजय

ता. क. हे पत्र मी थोरलीच्या बॉनेटवर लिहीत आहे. बॉनेट गार आहे. पेट्रोलचा ट्रक रिकामा झाला तर ओतून सुरू होतो. डिझेलचा अगदी कोरडा झाला की नळ्यांत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय तो हूं की चूं करत नाही, हे मला नऊ किलोमीटर दोनशे मीटरवर समजलं. चाकांखाली दगड लावले आहेत. मिस्त्री म्हणतात, बावीस वर्षांत थोरल्या बाईंनी या कामाला मला हात लावू दिला नाही.

ता. क. २. भावोजी जावईबापूंना घेऊन आम्हाला ओढायला निघाले होते. पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा पेट्रोल संपलं. आता ते खाली आणि आम्ही वर असे एकमेकांकडे पाहत आहोत. त्यांचं फोनवर म्हणणं असं की जी जिंकूनही घरी येत नाही ती सोमवारी विकलीच पाहिजे. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्या दारावरून जातो, त्याच्या हाती पत्र देत आहे. उद्या पहाटे तो परत वर येईल आणि त्याच्या शेजारची सीट रिकामी आहे. मी विचारून घेतलं आहे.

ता. क. ३. माझं चुकलं.

ता. क. ४. मिस्त्रींनी आत्ताच कबूल केलं की हवा काढायचा स्क्रू त्यांना माहीत आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे. त्यांचा पाना मी माझ्या पिशवीत घातला आहे. तुमच्याशिवाय कुणालाही देणार नाही.