सात पिढ्यांची क्वेरी

३ मार्च, सकाळी ९.१०
बॉसने आमच्या लग्न जुळवायच्या ॲपचं काम शेवटी लायक माणसाकडे दिलं. माझ्याकडे. मुलगा-मुलगी सात पिढ्यांत एकाच पूर्वजाला जाऊन मिळत नाहीत ना, एवढंच डेटाबेसला विचारणारी क्वेरी लिहायची; मिळाले तर आमच्यात लग्न होत नाही. शेजारच्या टेबलावरची राऊशान म्हणते, माणसांचा तक्ता एकच, तोच परत परत स्वतःला जोडावा लागेल: एकदा मुलगा म्हणून, एकदा बाप म्हणून, मग आजोबा. हिला नोकरी दिली कोणी? जो तक्ता आहेच तो परत कशाला? चहापर्यंत संपवतो.

४ मार्च
नाही संपलं. क्वेरीनुसार अलमाटीतला प्रत्येक माणूस स्वतःचाच बाप आहे. डेटा घाणेरडा. राऊशान सगळ्यांदेखत म्हणाली, अभिनंदन कुआनिश दादा, वडील सापडले, आता आईचं बघा! तिच्या तोंडात सुक्या दह्याचा गोळा. दिवसभर तेच चावते. डोकं उठतं.

५ मार्च
एकच तक्ता दोन नावांनी घ्यायचा, हे माझं मीच शोधलं. राऊशानची चिठ्ठी कीबोर्डवर होती, पण ती मी जेमतेम एकदाच वाचली. तक्ता दोनदा जोडला. बाप आला, आजोबा आले. थांबलो. पुढचे सगळे मेलेत, त्यांचं काय काम?

७ मार्च
उद्या महिला दिन, म्हणून आजच रिसेप्शनवरच्या झानेलला ट्युलिप दिले. राऊशानला मुद्दाम नाही. झानेल लाजली. नौरुझच्या सणाला मागणी घालणार. आईने विचारलं, सात पिढ्या बघितल्यास ना? म्हटलं, कॉम्प्युटरने बघितल्या.
संध्याकाळी राऊशानची मेल: 'तातडीचं, तुमच्याबद्दल.' तत्त्व म्हणून उघडली नाही.

२२ मार्च
झानेलच्या घरी. तिचे वडील म्हणाले, पाहुणे, सात पूर्वजांची नावं होऊन जाऊ द्या. मला तीन आली. मग क्वेरीचा कागद पुढे केला. त्यांनी तो किटलीखाली ठेवला आणि आईकडे बघितलं. आईने माझे सातही धडाधड म्हटले. पाचवा तोलेबाय. ते म्हणाले, आमचाही पाचवा तोच.
मागणी पक्की झाली की मुलीच्या कानात घालायला आणलेली कर्णफुलं आईने परत पर्समध्ये टाकली. झानेलचे वडील मात्र खूश. म्हणाले, जावई कसला लेका, तू तर आमच्याच घरचा! ताटात आणखी मटण वाढलं. गाडीत रडलो. आवडायची मला ती, खरंच.

२४ मार्च
मेल उघडली. पहिलीच ओळ: कुआनिश, झानेल, पाचवी पिढी. दुष्ट बाई! फोन करायला काय झालं होतं? केला होता म्हणे, दोनदा. कट मी केला.

१६ मे
झानेलला स्थळ आलंय. तपासणी माझ्याकडे. राऊशानची क्वेरी, दोन्हीकडून सात-सातदा जोडलेली. साफ. परत चालवली. साफ. तिसऱ्यांदाही साफ.
झानेल हल्ली मला दादा म्हणते. म्हणाली, दादा, तुम्ही बघितलंत ना, मग झालं. पाठवणीला भाऊ म्हणून मीच हवाय तिला.