स्टँडबाय पंप

बाबा,

रोज सकाळी मी न्हाणीघराचं दार आतून लावते आणि पंप घेते. आधी तो हलवायचा, प्लास्टिकच्या मोठ्या नळीला बसवायचा, श्वास पुरता सोडायचा, मग दाबून सावकाश आत ओढायचा आणि दहा आकडे होईस्तोवर रोखून धरायचा. नंतर चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकून टाकायचं, नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो, आवाज बसतो. दार लावायचं खरं तर कारण नाही, मी पंप घेते हे घरात माहीत आहे. पण बाहेर आई उभी असते. "झालं का तुयं? अजून किती वर्षं ओढून राहशील ते?" गुळण्या करताना उत्तर देता येत नाही, तेवढीच माझी सुटका.

तुमच्या दम्याच्या औषधालाही आपल्याकडे पंपच म्हणत. तुम्हाला हसू यायचं, कारण नोकरीच स्टील प्लांटच्या पंप हाउसमध्ये. "दिवसभर पंप पाहा, घरी आलं की पंप ओढा." दोन होते. निळा लगेच मोकळं करणारा. तपकिरी रोज घ्यायचा, त्रास असो वा नसो. डॉक्टरांनी तसं बजावून सांगितलं होतं. तुम्ही महिनाभर घेतलातही. मग एका रविवारी, प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, आई पोहे परतत असताना तुम्ही तपकिरी पंपाच्या खोक्यातला घडीचा कागद माझ्यापुढे ठेवलात. "वाच बरं, काय लिहून आहे त्याच्यात. तू तं कॉलेजात जाते."

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझं इंग्रजी घरात सगळ्यांत चांगलं होतं. मुंगीएवढी अक्षरं. त्यात मला एक शब्द सापडला आणि मी तिथेच थांबले. शेजारच्या काकू गुडघ्यांसाठी कुठल्याशा पुड्या खात, त्यांचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला होता, आणि त्या पुड्यांत काय निघालं ते आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत सगळ्यांना पाठ होतं. मी म्हटलं, "बाबा, हे स्टेरॉइड आहे. काकूंच्या पुड्यांतलं. रोज नका घेऊ."

शब्द बरोबर होता. मी खोटं बोलले नव्हते, एवढं स्वतःच्या बाजूने लिहिते. पण त्या कागदाची मागची बाजू मी वाचलीच नाही. आता माझ्याच खोक्यातला तसाच कागद शेवटपर्यंत वाचलाय. ओढायच्या औषधाची मात्रा अगदी थोडी असते, ती बहुतेक फुप्फुसातच राहते, गोळ्या-पुड्यांशी तिची बरोबरी नाही. त्रास अजिबात होत नाही असं नाही. म्हणून तर चूळ, म्हणून दर काही महिन्यांनी डॉक्टर बघतात, मात्रा कमी करता येईल का. आणि आपल्या मनाने बंद करायचं नाही, हेही लिहिलेलं असतं. त्याच मागच्या बाजूला.

तुम्ही कागदाची घडी घातलीत. "मंग याले स्टँडबाय ठेवू." आणि तपकिरी पंप कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. पंप हाउसमध्ये एक पंप चालतो आणि शेजारी दुसरा तयार उभा असतो, पहिला बंद पडला की लावायला. तुमच्या हिशेबाने ते शहाणपणच होतं. मला गंमत वाटली; माझ्या एका वाक्यावर घरात काहीतरी ठरलं, याचा अभिमानही वाटला. स्टँडबायही अधूनमधून चालवावा लागतो, नाहीतर जाम होतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्या दिवशी ते दोघांनाही आठवलं नाही. नंतर निळा वाढत गेला. आधी जिना चढल्यावर, मग चपला घालतानाही. मी ते पाहत होते.

ती दुपार. तुम्ही फर्स्ट शिफ्टहून येऊन खाटेच्या कडेवर बसला आहात, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले. निळा संपलाय, नुसता फुसफुसतो. आई पावर हाउस भागातल्या बाजारात गेलेली. "स्टँडबाय दे." मी खुर्चीवर चढते, पंप काढते, पुसून देते. तुम्ही दाबता. थांबता. पुन्हा दाबता. तो लगेच मोकळं करणारा नाहीच, रोज घेतला तर काही दिवसांनी गुण देणारा, हे मला ठाऊक नाही. आपण दोघं त्याची वाट पाहत बसतो. मग तुम्ही तो कानाशी नेऊन हलवता आणि माझ्याकडे बघता, मीटरकडे बघावं तसं. "उचलून नाही राहिला," पाणी न खेचणाऱ्या पंपाबद्दल म्हणायचात तसं तुम्ही म्हणता. त्यानंतर मी शेजाऱ्यांना हाक मारायला धावते. दवाखाना लांब नव्हता. तरी उशीर झाला होता. लगेच निघालो असतो तर तुम्ही वाचला असता का, मला माहीत नाही. मी कोणाला विचारलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला दमा होता का. आई माझ्याआधी बोलली. "हिच्या बाबाले होता ना. पण त्यायनं कोणाचं आयकलं? आपल्या मनानं औषध सोडलं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. ऐकायचे नाहीत." इतक्या वर्षांत हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल. तुमच्या श्राद्धाला आई पानावर भाजी वाढताना अजून तुम्हाला रागावते, "घ्या, आता तरी आयका." खरं सांगितलं तर तिचा हा राग जाईल कुठे? माझ्यावर आला तर सोसेन. पण माझ्यावरही आला नाही, आणि तुमच्यावरही राहिला नाही, तर तिच्याकडे तुमचं काय उरेल? हा विचार खरा आहे की माझी पळवाट, तेही ठरत नाही. क्वार्टर सोडल्यापासून पद्मनाभपूरच्या या घरात आम्ही दोघी दिवसभर समोरासमोर असतो. रोज दाराआड दहा आकडे मोजताना आईला खरं सांगायचं वाक्य जुळवते. मग गुळण्या करते, थुंकते आणि कडी काढते.

हा पत्राचा कागद माझ्या पंपाच्या खोक्यातल्या कागदासोबत घडी घालून ठेवीन. आज दार उघडलं तर आई टॉवेल घेऊन उभी होती. म्हणाली, "चाल, तू तरी आयकते." मी टॉवेल घेतला, तोंड पुसलं.

तुम्हीही ऐकलं होतं, बाबा. माझं.