ग्राफीनमधलं विरळ पांघरूण

लातूर, बुधवार, दिवेलागण

आज क्लासमध्ये चुकीचं सांगून आलो. औशाच्या नसरीननं विचारलं, "सर, ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत न्हाईत का?" मी म्हणालो, "धातूसारखंच. मधल्या बाकीच्या इलेक्ट्रॉनांची गर्दी तो धक्का झाकून टाकते." ती "पण सर..." म्हणाली, तोवर सगळी बॅच ओरडली, "परीक्षेला न्हाई ते, पुढचं घ्या!" घेतलं पुढचं.

पण शुद्ध ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या पातळ थरात, मोकळे इलेक्ट्रॉन लई थोडे. गर्दीचं पांघरूण विरळ, म्हणून धक्का लांबवर पोचतो. भूकंपानंतर आमच्या गावात मोजकी माणसं उरली, तेव्हा एकाचं रडणं पार वेशीपर्यंत ऐकू जायचं. मला हे सुचायला नको होतं?

उद्या सांगू? पुन्हा ओरडतील. ओरडू देत.

तिचं "पण सर" पहिल्या बाकावरून आलं होतं. मला ते आत्ता, रिकाम्या घरात ऐकू आलं.